ठिणगी पडते, पण आर्क धरत नाही

मे महिना संपत आला की वाशिम जिल्ह्यातील वेल्डिंगच्या दुकानांपुढे गर्दी वाढते. कोणाच्या ट्रॉलीचा फाळका निखळलेला, कोणाच्या डवऱ्याचा दांडा तुटलेला, कोणाच्या पेरणी यंत्राची फ्रेम वाकलेली. सोयाबीनची पेरणी तोंडावर असते आणि प्रत्येकाला आपले काम आजच हवे असते. रिसोडपासून कारंजापर्यंत सगळीकडे शेती हाच मुख्य धंदा, आणि औजार मोडायला मुहूर्त लागत नाही. दुकानात दोनदा चकरा झाल्या की ‘आपणच एक मशीन घेऊन टाकू’ हा विचार घरात सुरू होतो.

पूर्वी वेल्डिंगचे मशीन म्हणजे दोघांनी मिळून उचलायचा जड ट्रान्सफॉर्मर. आता एका हाताने नेता येईल असे इन्व्हर्टर मशीन मिळते. त्यात रॉडबरोबर वायरवरही चालणारे आणि तरीही गॅसचे सिलिंडर न लागणारे प्रकार आले आहेत. दुकानदार त्याला ‘गॅसलेस मिग’ म्हणतात. तांत्रिक नाव फ्लक्स-कोअर्ड वेल्डिंग. नवशिक्या हे मशीन घरी आणतो, वायर भरतो, जुन्या लोखंडी पट्टीवर पहिला टाका मारतो आणि तो झकास बसतो. दुसऱ्या टाक्याला नुसते फट्-फट् होते आणि टॉर्च मागे ढकलला जातो. तिसरा पुन्हा बरा. चौथ्याला वायर थेट टॉर्चच्या टोकाच्या टिपलाच चिकटून बसते.

मग निष्कर्ष ठरलेला: ‘हात अजून बसला नाही.’ हात बसायला वेळ लागतो हे खरे, पण हाताकडे दोष जातो तो बीड, म्हणजे जोडावरची धातूची रेघ, वाकडी जाण्याचा. आर्क कधी धरणे आणि कधी न धरणे याचे कारण बहुतेक वेळा भिंतीवरच्या सॉकेटपासून वायरच्या टोकापर्यंतच्या विजेच्या वाटेत कुठेतरी दडलेले असते. ती वाट क्रमाने तपासली तर दोष सापडतो, आणि तो दूर करायला बऱ्याचदा एक रुपयाही लागत नाही.

पोटात औषध असलेली वायर

वितळलेल्या लोखंडाला हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागला तर जोड ठिसूळ आणि छिद्रांनी भरलेला होतो. त्यापासून बचाव करण्याचा जुना मार्ग म्हणजे रॉडवरचे फ्लक्सचे लेपण. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लेपण दिलेला रॉड आणला. त्यांनी १९०४ मध्ये स्थापन केलेल्या ‘इसाब’ कंपनीचा एक कारखाना आज नागपूरजवळ कळमेश्वर येथेही आहे. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत हाच फ्लक्स रॉडच्या बाहेरून काढून पोकळ वायरच्या आत भरण्यात आला. वायर जळताना त्यातून निघणारा वायू आणि वर साचणारा स्लॅग जोडाला झाकून घेतात, म्हणून वेगळा गॅस लागत नाही. वारा आला तरी हे संरक्षण सहजासहजी उडत नाही. त्यामुळे बांधकामांवर आणि जहाजबांधणीत ही पद्धत रुळली. शेतातल्या उघड्या गोठ्यापाशी काम करणाऱ्यालाही ती याच कारणाने सोयीची पडते.

वायरच्या रिळावर ‘ई ७१ टी-११’ किंवा ‘ई ७१ टी-जीएस’ असे काहीतरी छापलेले असते. यातला ‘टी’ वायर नळीसारखी पोकळ असल्याची खूण. दोन्ही बिनगॅसच्या, पण जीएस प्रकार एकाच थराच्या जोडासाठी आहे. त्यावर दुसरा थर चढवायचा असेल तर टी-११ घ्यावी. ‘ई ७१ टी-१’ ही वायर मात्र गॅससोबत वापरायची असते. ती बिनगॅसच्या मशीनवर लावली तर कितीही सेटिंग बदलले तरी जोड नीट येणार नाही.

पहिल्या क्षणी काय घडते

ट्रिगर दाबला की वायर पुढे सरकते आणि लोखंडाला टेकते. त्या क्षणी सर्किट पूर्ण होऊन मोठा प्रवाह धावतो. ज्या जागी रोध सर्वाधिक, तिथे उष्णता सर्वाधिक. ती जागा वायरचे टोक असेल तर टोक क्षणात वितळून उडते, मधल्या फटीत आर्क पेटतो आणि काम सुरू होते. रोध दुसरीकडेच असेल, म्हणजे मशीनची दुसरी केबल लोखंडाला जोडणाऱ्या गंजलेल्या क्लॅम्पखाली, सैल टिपमध्ये किंवा रंगाच्या थरात, तर टोक पुरेसे तापत नाही. वायर न वितळताच पुढे येत राहते आणि टॉर्चला मागे ढकलते.

पोकळ वायरची अडचण थोडी जास्त आहे. तिच्यात वीज वाहते ती बाहेरच्या पातळ पत्र्यातून; आतली फ्लक्सची भुकटी वीज वाहून नेत नाही. आर्क थांबला की टोकाला वितळलेल्या धातूचा गोळा जमतो आणि त्यावर काचेसारखा स्लॅग चढतो. थंड झालेला स्लॅग वीज अडवतो. पुढच्या वेळी ट्रिगर दाबल्यावर लोखंडाला आधी टेकतो तो हा गोळा. स्लॅग फुटला तर आर्क धरतो, न फुटला तर नाही. ‘कधी होते, कधी होत नाही’ या तक्रारीचे सर्वात नेहमीचे उत्तर इथे आहे.

उपाय पकडीचा. प्रत्येक नव्या सुरुवातीआधी वायरचे टोक तिरपे छाटायचे आणि टिपच्या बाहेर साधारण १२ ते १५ मिलिमीटर वायर ठेवायची. तिरपे छाटल्याने अणकुचीदार टोक मिळते, प्रवाह छोट्या जागेत एकवटतो आणि आर्क लगेच पेटतो. अनुभवी कारागीरही हे करतात. आधीच्या बीडवरून पुन्हा सुरुवात करायची असेल तर तिथला स्लॅग हातोडीने फोडून वायर ब्रशने साफ करावा लागतो; नाहीतर टोक चांगले असूनही ते स्लॅगवरच टेकते.

रॉडवर शिकलेल्यांची एक सवय इथे आड येते. रॉड काडेपेटीच्या काडीसारखा घासून पेटवतात. वायरला घासायची गरज नाही. टोक जोडाच्या जागी हलके टेकवावे किंवा अगदी जवळ आणावे, मास्क खाली करावा, हात स्थिर ठेवावा आणि मग ट्रिगर दाबावा. टॉर्च दूर धरून ट्रिगर दाबला तर वायर हवेत लांबते, लांब वायरमध्येच रोध वाढतो आणि सुरुवात फसते.

दोन व्होल्टचा हिशेब

बारीक फ्लक्स-कोअर वायरचा आर्क साधारण १४ ते १७ व्होल्टवर चालतो. घरातल्या २३० व्होल्टपुढे हा आकडा किरकोळ वाटतो आणि म्हणूनच त्याची नासाडी लक्षात येत नाही. समजा १०० अँपिअर प्रवाह वाहतो आहे आणि क्लॅम्पखालच्या गंजाचा रोध फक्त ०.०२ ओहम आहे. तरीही तिथे २ व्होल्ट खर्ची पडतात आणि २०० वॅट उष्णता तयार होते. पंधरातले दोन गेले म्हणजे आर्कच्या वाट्याचा सातवा-आठवा हिस्सा वाटेतच संपला.

त्यामुळे क्लॅम्प कुठे लावला आहे हे आधी पाहावे. रंगवलेला अँगल, गंजलेला पाइप किंवा नवीन लोखंडावरची निळसर-काळी साल, या तिन्ही गोष्टी विजेला अडवतात. ग्राइंडरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा चकचकीत करून क्लॅम्प तिथेच चिमटवावा आणि जोडाची जागाही तशीच साफ करावी. जोडाच्या जितका जवळ क्लॅम्प, तितके बरे. डवऱ्याला किंवा वखराला पास लावताना क्लॅम्प ट्रॅक्टरच्या बंपरला अडकवून देण्याची पद्धत दिसते. तेव्हा प्रवाह पिना, कड्या आणि बेअरिंगमधून फिरून येतो. आर्क बिघडतोच, शिवाय बेअरिंगच्या आत डाग पडतात.

तपासणी सोपी आहे. दोन-तीन मिनिटे काम केल्यावर मशीन बंद करून क्लॅम्पला आणि केबलच्या लगला हात लावून पाहावा. लोखंडाच्या तुकड्यापेक्षा क्लॅम्पच जास्त तापला असेल तर संपर्क खराब आहे. स्वस्त मशीनसोबत येणाऱ्या पातळ पत्र्याच्या क्लॅम्पची स्प्रिंग लवकर ढिली पडते. चांगला पितळी क्लॅम्प हा या छंदातला सर्वात फायद्याचा खर्च.

उलटी पोलॅरिटी

बिनगॅसची फ्लक्स-कोअर वायर बहुतेक वेळा टॉर्चला निगेटिव्ह आणि क्लॅम्पला पॉझिटिव्ह अशा जोडणीवर चालण्यासाठी बनवलेली असते. गॅसवर चालणाऱ्या भरीव मिग वायरला याच्या उलट जोडणी लागते. दोन्ही कामे करणाऱ्या मशीनवर वायर बदलली, पण केबल बदलायची राहिली, ही चूक फार नेहमीची. उलट्या जोडणीत आर्क पेटतो, पण थुंकतो. आजूबाजूला छर्रे उडतात, बीड लोखंडावर वरवर बसते आणि सुरुवात अडखळते. मशीनच्या झाकणाच्या आत किंवा रिळाच्या खोक्यावर जोडणी छापलेली असते. ती एकदा वाचून घेतली की अर्ध्या संध्याकाळचा त्रास वाचतो.

वायर येते कशी

क्लॅम्प आणि पोलॅरिटी ठीक असूनही आर्क मधेच तुटत असेल तर वायरच्या प्रवासाकडे वळावे. टॉर्चच्या टोकाची तांब्याची टिप वायरच्याच मापाची हवी. ०.८ मिलिमीटरच्या वायरला १.० ची टिप लावली तर वायर आत सैल हलते, वीज कधी मिळते, कधी नाही. वापरून वापरून टिपचे भोक लांबट होते तेव्हाही हेच घडते. टिप पान्याने घट्ट बसलेली असावी. हाताने फिरवलेली टिप तापली की सैल पडते. टिप ही खर्ची पडणारी वस्तू आहे, चार-पाच जास्तीच्या घेऊन ठेवलेल्या बऱ्या.

आत रोलर असतात. भरीव वायरसाठी गुळगुळीत व्ही खाच आणि फ्लक्स-कोअरसाठी दातेरी खाच वापरतात. गुळगुळीत रोलरवर फ्लक्स वायर घसरते म्हणून लोक दाबाचा नट पिळतात. मग पोकळ वायर चपटी होते, टिपमध्ये अडकते आणि रोलरपाशी तिचे गुंतवळ होते. दाब इतकाच असावा की हातमोजा घालून टॉर्चमधून येणारी वायर अडवली तर रोलर घसरावा. हे करताना मशीनने वायरला वीज दिलेली असते, म्हणून वायर कोरड्या लाकडावर किंवा कोरड्या मोज्यावर टेकवावी, उघड्या हातावर नाही.

टॉर्चची केबल गुंडाळून ठेवली तरी आतल्या लाइनरमध्ये वायर अडखळते. शक्य तेवढी सरळ सोडावी. रिळाचा ब्रेक फार घट्ट असेल तर वायर खेचून यावी लागते. फार सैल असेल तर ट्रिगर सोडल्यावर रीळ फिरतच राहते आणि वायर उसवते.

कानाने ओळखायचे

सेटिंग जुळले की फ्लक्स-कोअरचा आवाज कढईत भजी तळल्यासारखा सलग येतो. वायरचा वेग जास्त आणि व्होल्टेज कमी असेल तर तुटक ठोके ऐकू येतात आणि टॉर्च मागे ढकलला जातो. उलट वेग कमी पडला तर सुरुवातीला लांब झगमगाट होतो आणि वायर टिपपर्यंत जळत जाऊन तिथेच चिकटते. पहिल्या दोषाला वेग थोडा कमी किंवा व्होल्टेज थोडे जास्त. दुसऱ्याला वेग वाढवायचा. एका वेळी एकच बटण फिरवावे. दोन्ही एकदम फिरवली की कशाने फरक पडला हेच कळत नाही.

डीपीवरचा भार आणि लांब बोर्ड

खेड्यात याच्या पलीकडचेही एक कारण असते, ते म्हणजे वीज. रब्बीत हरभरा आणि गहू पाण्यावर येतात, पंप एकदम सुरू होतात आणि एकाच डीपीवरच्या घरांत व्होल्टेज खाली येते. सकाळी सुरळीत चाललेले मशीन संध्याकाळी अडखळते ते यामुळे. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये इनपुट पडले की आउटपुटही त्याच प्रमाणात पडते. इन्व्हर्टर मशीन काही मर्यादेपर्यंत ते सावरून घेते आणि त्याखाली गेल्यावर दिवा लावून बंद पडते.

त्यात भर घालतो तो एक्स्टेन्शन बोर्ड. १२० अँपिअरवर काम करताना मशीन घरच्या लाइनमधून साधारण १५ अँपिअर ओढते. गोठ्यापर्यंत २५ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली, तर जाण्या-येण्याच्या ५० मीटरमध्ये जवळपास १३ व्होल्ट गळतात. २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर ही गळती ५ व्होल्टवर येते. घरातले व्होल्टेज आधीच २०५ वर आले असेल तर हा फरक आर्क धरण्याचा किंवा न धरण्याचा असतो. वायर गुंडाळीतच ठेवून वापरली तर ती तापून वितळू शकते; पूर्ण उलगडावी. मशीन १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावे, पिना सैल नसाव्यात आणि त्या लाइनला अर्थिंग आणि आरसीसीबी असावी. खांबावर आकडा टाकून वेल्डिंग करणे हा गुन्हा आहे आणि जिवावरचा खेळही.

मल्टिमीटर असेल तर एक चाचणी पुरेशी आहे. दुसऱ्याने टाका मारत असताना त्याच बोर्डच्या रिकाम्या सॉकेटमधले व्होल्टेज पाहावे. काम सुरू झाल्यावर आकडा २०-२५ व्होल्टने कोसळत असेल तर टॉर्च बदलून उपयोग नाही. वायरिंग बदलावे लागेल.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत होते. मशीनवर ‘६० टक्के ड्युटी सायकल’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती, आणि ही मोजणी ४० अंश सेल्सिअस तापमान धरून केलेली असते. मे महिन्यात विदर्भात पारा त्याच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, दुपारी, मशीन लवकर तापते आणि स्वतःला बंद करून घेते. ते बिघडलेले नसते. पहाटेचे काम मशीनलाही मानवते आणि माणसालाही.

पावसाळ्यात वायर गंजते. गंजलेली वायर टिपमध्ये घासते, लाइनरमध्ये भुकटी सोडते आणि ओल शोषलेला फ्लक्स जोडात छिद्रे पाडतो. काम झाले की रीळ मशीनमध्ये न ठेवता बंद डब्यात किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे.

धूर, डोळे आणि कुटार

बिनगॅसच्या फ्लक्स-कोअर वायरचा धूर भरीव वायरपेक्षा जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. बंद खोलीत काम करू नये आणि डोके धुराच्या झोतात नेऊ नये. जस्ताचा थर असलेल्या जीआय पाइपचा धूर तर त्याच रात्री थंडी-ताप आणतो. काळा गॉगल पुरेसा नाही. दहा नंबरच्या काचेचा पूर्ण मास्क लागतो. बघणाऱ्या मुलांना लांब ठेवावे, कारण आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते आणि रात्रभर झोप लागत नाही. अंगणात सोयाबीनची गंजी किंवा कुटार असेल तर तिथे मशीन लावूच नये. ठिणगी कुटारात पडली तर ते तासाभराने पेट घेऊ शकते. पाण्याची बादली जवळ ठेवावी, मात्र मशीन बंद केल्याशिवाय पाणी मारू नये. डिझेलच्या टाकीला किंवा ड्रमला, रिकामा दिसला तरी, घरी हात लावू नये. ट्रॅक्टरवरच जोड मारायचा असेल तर बॅटरीची तार आधी सोडावी.

क्रम ठरवून घ्या

एक संध्याकाळ काढून भंगारातल्या पाच मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर पुढची कसोटी घ्यावी. पट्टी आणि क्लॅम्पची जागा घासून साफ करावी, पोलॅरिटी तपासावी, नवी टिप लावावी. मग वायर प्रत्येक वेळी छाटून दहा छोटे टाके मारावेत आणि पुढचे दहा न छाटता. छाटलेले टाके नीट आणि न छाटलेले बेभरवशाचे आले, तर दोष टोकावरच्या गोळ्यात होता. दोन्ही तितकेच अडखळले, तर क्लॅम्प, मग वायरचा प्रवास, मग वेग-व्होल्टेज आणि शेवटी घरची वीज, या क्रमाने पुढे जावे. कुठे काय बदलले हे वहीत लिहावे. महिनाभराने पुन्हा तीच अडचण आली की ते पान उपयोगी पडते.

या वायरवर हात बसला की गेट, शेडचा सांगाडा, गोठ्याची दावण, फाळक्याची कडी ही कामे घरी सहज होतात. ट्रॉलीचा हूक, ट्रॅक्टरचे लिंकेज, ज्याच्या तुटण्याने रस्त्यावर माणूस जाऊ शकतो असा कोणताही भाग मात्र शिकलेल्या वेल्डरकडेच न्यावा. आणि घरात आठवी झालेला, या कामात रस असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर शासकीय आयटीआयमधील वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यांच्यासाठी खुला आहे. पुढच्या प्रवेशाची चौकशी आताच करून ठेवावी.